चेहऱ्यावरची ॲसिडं : टक्के मोठे म्हणजे जोर मोठा का?

अबोली_डोंबिवली

मंडळी, आमच्या न्हाणीघराची सध्या प्रयोगशाळा झाली आहे. धाकट्या बहिणीने चार बाटल्या आणून मांडल्या आहेत : लॅक्टिक १०%, ग्लायकोलिक ७%, सॅलिसिलिक २% आणि ती लालभडक, ३०% अल्फा हायड्रॉक्सी ॲसिडं (ग्लायकोलिक-लॅक्टिकच्या कुटुंबातली) अधिक २% सॅलिसिलिक वाली, जी दहा मिनिटं ठेवून धुवायची असते. तिने आकडे बघून क्रम लावलाय. लाल सगळ्यात जहाल, मग लॅक्टिक, मग ग्लायकोलिक आणि सॅलिसिलिक म्हणजे अगदीच पाणचट. दुकानातल्या मुलीनेही तेच सांगितलं म्हणे. त्यामुळे सॅलिसिलिक सकाळ-संध्याकाळ चालू आहे, ग्लायकोलिक 'फक्त सातच टक्के' म्हणून रोज रात्री, आणि लॅक्टिक घाबरत घाबरत आठवड्यातून एकदा.

मला हे पटत नाही, पण खोडून काढायला हातात मुद्दा नाही. तिची त्वचा गव्हाळ, तेलकट. मुरूम बसलं तरी त्याचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. कॉलेजला जायला भर दुपारची लोकल.

विचारायचं आहे ते असं : या ॲसिडांचा जोर एकमेकांशी ताडून बघायचा तर कसा? आणि डागांसाठी यातलं कोणतं ठेवावं, कोणतं कपाटात टाकावं? "डॉक्टरांना दाखवा" हे उत्तर आगाऊ मान्य, पुढच्या आठवड्यात वेळ घेतली आहे. तोवर घरातली भांडणं तरी शास्त्रशुद्ध व्हावीत.

रसायनवाला

ताई, धागा आमच्या पोटापाण्याचा काढलात. अंबरनाथ एमआयडीसीत क्रीम-लोशनं बनवण्यात हयात चालली आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

बाटलीवरचा टक्का म्हणजे आत किती ॲसिड ओतलं तो आकडा. कातडीवर काम करतं ते त्यातलं 'मोकळं' ॲसिड. पाण्यात ग्लायकोलिक दोन रूपांत असतं : एक मोकळं ॲसिड, दुसरं त्याचं क्षाररूप. मोकळं रूप कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात सहज शिरतं, क्षाररूपाला तिथे फारसा थारा नाही. दोन्हींचं प्रमाण ठरतं पीएचवरून, म्हणजे आम्लपणाच्या मापावरून : आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त. ग्लायकोलिकचा पीकेए ३.८३. म्हणजे पीएच ३.८३ असेल तर निम्मं मोकळं, निम्मं बांधलेलं. पीएच त्याच्या खाली गेला की मोकळं वाढतं, वर गेला की झपाट्याने घटतं.

आता आकडे मांडतो. ५% ग्लायकोलिक, पीएच ३.५ : मोकळं ॲसिड साधारण ३.४%. १०% ग्लायकोलिक, पीएच ४.४ : मोकळं जेमतेम २.१%. म्हणजे पाचवाली बाटली दहावालीपेक्षा जोरदार. लेबलवर मात्र दहा बघून गिऱ्हाईक दीडशे रुपये जास्त मोजतं आणि वर मैत्रिणीला सांगतं, "मला दहा टक्के सोसतं बाई."

लॅक्टिकचा पीकेए ३.८६, म्हणजे जवळपास तोच. त्यामुळे या दोघांत फरक पडतो तो रेणूच्या आकाराचा. ग्लायकोलिकचं रेणुभार ७६, लॅक्टिकचं ९०, मँडेलिकचं १५२. ग्लायकोलिक या कुटुंबातलं सगळ्यात चिमुकलं, म्हणून पटकन आणि आत शिरतं, आणि चुरचुरतंही तेच जास्त. शिवाय टक्के वजनाचे असतात. १०% मँडेलिकमध्ये रेणूंची संख्या १०% ग्लायकोलिकच्या निम्मीच भरते. मँडेलिक सौम्य म्हणतात त्यामागे हेही एक कारण आहे, नुसता स्वभाव नाही.

तुमच्या बहिणीच्या बाटल्यांचे पीएच मला माहीत नाहीत. पण ७% ग्लायकोलिक ३.६ ला असेल तर मोकळं साडेचार टक्क्यांच्या आसपास येतं. १०% लॅक्टिक ३.८ ला असेल तर पाचच्या थोडं वर. म्हणजे कागदावर दोघं खांद्याला खांदा लावून, आणि रेणूचा आकार धरला तर ग्लायकोलिक पुढे. ती जे 'फक्त सात' म्हणून रोज लावते आहे, तेच बहुधा लाल सोडून उरलेल्यांतलं सगळ्यात तिखट आहे.

लाल बाटलीचा मामला वेगळा. ३०% आणि पीएच साडेतीनच्या पुढे-मागे म्हणजे मोकळं ॲसिड पंधराच्या वर सहज जातं. ते दहा मिनिटांत धुवायचं असतं म्हणून घरी विकलं जातं. त्यावर झोप लागली तर सकाळी आरशात बघू नये.

चिंगी

वाचनखूण साठवली आहे. पण एक सांगा, पीएच बाटलीवर कुठे लिहिलेलाच नसतो की! मग आम्ही काय जिभेला लावून बघायचं?

रसायनवाला

जिभेला नको, चिंगे. काही कंपन्या आपल्या संकेतस्थळावर पीएच देतात. ज्या देत नाहीत त्यांना ईमेल टाकायची, बऱ्याच जणी मुकाट्याने कळवतात. लिटमस कागद उपयोगाचा नाही, तो नुसतं आम्ल आहे एवढंच सांगतो. आम्ही ०.३-०.५ च्या टप्प्याच्या पट्ट्या वापरतो, प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. स्टीलच्या चमच्यात चार थेंब घ्यायचे, पट्टी बुडवायची आणि डब्यावरच्या रंगाशी ट्यूबलाइटखाली नाही, खिडकीपाशी ताडून बघायची. पाणीदार टोनरला हे ठीक. तेलकट सीरम पट्टीवर नीट पसरतच नाही, आणि लाल बाटलीचा रंग पट्टीलाच लागतो, तिथे हा उद्योग करू नका.

अजून एक गंमत. मेडिकलमध्ये १२% अमोनियम लॅक्टेटचं लोशन मिळतं, भेगाळलेल्या पायांना आणि दंडावरच्या कोंबडीच्या कातडीसारख्या पुरळाला देतात. बारा आकडा बघून लोक दचकतात. पण त्यात लॅक्टिक अमोनियाने बरंचसं बांधून टाकलेलं असतं, पीएच पाचच्या जवळ. ते सोलण्यापेक्षा ओल धरून ठेवण्याचं काम जास्त करतं. बारा टक्के, आणि तरी मवाळ.

रेव्याची_आई

चहापत्ती एक चमचाच टाकली तरी कोणी नुसती उकळी दाखवतं, कोणी दहा मिनिटं कढवतं, तसंच म्हणायचं की हे. सीरम रात्रभर राहतं, फेसवॉश अर्ध्या मिनिटात धुतला जातो. माझ्या मुलीचा फेसवॉश २% सॅलिसिलिकचा आणि सीरमही २% चं. ती म्हणते दोन्ही सारखेच!

रसायनवाला

अगदी बरोबर, वेळ हा तिसरा आकडा. फेसवॉशमधलं बरंचसं सॅलिसिलिक नाल्यात जातं. वाईट नाही, ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांना तेवढंच पुरतं. पण 'सारखेच' नव्हेत.

सॅलिसिलिकला मात्र माझं वरचं गणित जसंच्या तसं लावू नका. त्याचा पीकेए २.९७, पाण्यात ते फारसं विरघळतच नाही, म्हणून त्यात ग्लायकॉल किंवा अल्कोहोल घालावं लागतं आणि तिथे साधा पाण्याचा हिशेब डळमळतो. ते तेलात मिसळणारं आहे, म्हणून छिद्राच्या आत, तेल साचलेल्या जागी पोचतं. ग्लायकोलिक पाण्याचं गडी, पृष्ठभागावर काम करतं. दोघांची कुस्ती लावण्यात अर्थ नाही, आखाडेच वेगळे आहेत.

ओपीडी_तीन_वाजता

मी त्वचारोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेते. रसायनवाला यांचं विवेचन उत्तम आहे, मी दुसऱ्या टोकाकडून लिहिते. आम्ही जोर मोजतो तो खोलीत : इजा कुठल्या थरापर्यंत पोचली.

चेहऱ्याच्या सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर कागदाहून पातळ असतो, दहा-वीस मायक्रॉनचा. घरगुती ॲसिडं याच थरातल्या पेशींचे आपसातले टाके सैल करतात. पेशी सुट्या होऊन गळतात, खालच्या दिसायला लागतात, म्हणून तकाकी. दवाखान्यातली ग्लायकोलिक पील, म्हणजे कातडी सोलायला थोडा वेळ लावतात ते जोरदार द्रावण, २०% पासून ७०% पर्यंत जाते आणि तिचा पीएच घरगुती बाटलीपेक्षा पुष्कळच खाली असतो. ती कातडीच्या जिवंत थरात उतरते. टीसीए म्हणजे ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड : साधारण ३५% पर्यंत ते वरच्या थरातलं काम मानतात, त्यापुढे मधल्या. तिथे व्रण पडायची भीती खरी असते.

टेबलावर हे कसं दिसतं ते सांगते, मग फरक डोक्यात बसेल. ग्लायकोलिक लावलं की मी घड्याळ आणि चेहरा दोन्हींवर नजर ठेवून उभी असते, कारण ते आपणहून थांबत नाही. नाकाच्या कडेला किंवा हनुवटीवर लाली एकसारखी न येता ठिपक्यांनी यायला लागली की वेळ झाली नसली तरी ॲसिड मारायला सोडा बायकार्बचं पाणी. ते पडताच बारीक फसफस होते आणि रुग्ण "हुश्श" म्हणतो. सॅलिसिलिकची ३०% पील अल्कोहोलमध्ये असते. दोनेक मिनिटांत अल्कोहोल उडून जातं आणि चेहऱ्यावर पिठूळ पांढरे कण उरतात. बघणाऱ्याला वाटतं चेहरा भाजला, प्रत्यक्षात ते ॲसिडच सुकून बसलेलं असतं. त्यानंतर ते फारसं आत जात नाही, साध्या पाण्याने धुता येतं. टीसीएचा पांढरेपणा वेगळा : ती कातडीतली प्रथिनं गोठलेली असतात, ती धुऊन जात नाहीत. आणि टीसीएवर सोडा ओतून काही थांबत नाही.

म्हणून '३०% सॅलिसिलिक' आणि '३०% ग्लायकोलिक' आणि '३०% टीसीए' या तीन वाक्यांत ३० सोडून काहीही समान नाही.

अबोलीताई, आता बहिणीबद्दल. आपल्याकडच्या बहुतेकांची त्वचा फिट्झपॅट्रिक मोजपट्टीवर (कातडीचा रंग आणि तिचं उन्हातलं वागणं बघून केलेले सहा प्रकार) चौथ्या-पाचव्या प्रकारात बसते. हिची खोड अशी की कुठलाही दाह झाला की ती रंग ओतते. मुरूम, ओरखडा, मेंदीची ॲलर्जी, वॅक्सचा चटका, सगळ्यांची पावती काळ्या डागाने. ॲसिडाने झालेला दाहही त्यात आला. गोऱ्या कातडीला जास्त जोराची शिक्षा म्हणजे चार दिवस लाली. आपल्या कातडीला चार महिने डाग. डाग घालवायला आणलेलं ॲसिडच डाग पाडतं, हे ओपीडीत आठवड्याला बघते.

सातासमुद्रापार

टोरोंटोहून. इथल्या नियमात हे टक्के आणि पीएच दोन्ही एकत्र धरलेत, म्हणून रसायनवालांचं म्हणणं लगेच पटलं. कॅनडात घरगुती वापराच्या अल्फा हायड्रॉक्सी ॲसिडांना १०% ची कमाल आणि पीएच किमान ३.५. पार्लर-दवाखान्यातल्या व्यावसायिकांसाठी ३०% आणि ३.०. अमेरिकेत उद्योगाच्या तज्ज्ञ समितीनेही नव्वदच्या दशकात ग्लायकोलिक-लॅक्टिकबद्दल हेच आकडे सुचवले होते. युरोपात चेहऱ्यावर ठेवायच्या सॅलिसिलिकला २% ची मर्यादा आहे. तुमच्या बाटलीवर २ लिहिलंय ते पाणचट म्हणून नव्हे, कायद्याने तिथेच रेघ मारली आहे म्हणून.

उन्हाचंही बोला कोणीतरी. अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न-औषध प्रशासन) २००५ मध्ये अशा उत्पादनांवर उन्हाची सूचना छापायला सुचवलं. त्याआधीच्या प्रयोगात १०% ग्लायकोलिक, पीएच ३.५, चार आठवडे लावल्यावर उन्हाने लाल होण्याची प्रवृत्ती सुमारे १८% वाढलेली दिसली, आणि बंद केल्यावर आठवड्याभरात ती पूर्ववत झाली. इथे डिसेंबरात अतिनील निर्देशांक १ असतो, मी रोज लावते आणि निभावतं. तेच घेऊन एप्रिलात पुण्याला आले की तिथे भर दुपारी ११ च्या वर! आईकडे गेले की मी बाटली बॅगेतून काढतच नाही.

बिनधास्त_बाळ्या

मला हा सगळा बागुलबुवा वाटतो. मी ती लाल बाटली कधीपासून लावतोय. वीस मिनिटं ठेवतो, चुरचुरतं, मजा येते. चेहरा चकाचक. दाढी केल्या केल्या लावली की अजून भारी काम करते. लोक उगाच घाबरवतात आणि डॉक्टरांची दुकानं चालतात.

ओपीडी_तीन_वाजता

बाळ्याभाऊ, दुकान सरकारी रुग्णालयात आहे, केसपेपरच्या पैशांत आम्ही गब्बर झालो आहोत.

चुरचुरणं हे काम होत असल्याचं माप नाही. ते नसांच्या टोकांना ॲसिड लागल्याचं माप आहे. दाढीचं पातं वरचा थर स्वतःच खरवडून नेतं, म्हणजे तुम्ही आधी दार काढून मग पाहुण्याला बोलावताय. तुमचं अजून काही बिघडलं नाही, छान आहे. पण 'चकाचक' म्हणजे नेमकं काय ते एकदा खिडकीच्या उजेडात बघा. ताणलेली, काचेसारखी चकाकणारी आणि साध्या पाण्यानेही चरचरणारी कातडी ही निरोगी कातडी नसते. तिचा वरचा थर पुरता उरलेला नसतो.

बिनधास्त_बाळ्या

साध्या पाण्याने चरचरतं हे खरंय, पण मी ते टाकीच्या पाण्यावर ढकलत होतो. बरं, दाढीनंतरचं बंद. बाकीचं बघू.

कोथरूडच्या_काकू

तुम्हा मुलांचं सगळं ऐकलं. आमच्या वेळी दही-डाळीचं पीठ आणि दिवाळीला उटणं, एवढ्यावर कातडी नितळ असायची. दह्यातही लॅक्टिक ॲसिडच ना? मग बाटलीला सहाशे रुपये कशाला? आणि लिंबाची फोड?

रसायनवाला

काकू, नमस्कार. दह्याचा हिशेबच करू. बऱ्यापैकी लागलेल्या दह्यात लॅक्टिक साधारण एक टक्का, पीएच ४.३ च्या आसपास. मोकळं ॲसिड निघतं पाव टक्का. बाटलीतल्या पाच टक्क्यांपुढे ते वीस पट फिकं. म्हणजे दही लावून सोलवटणार कोणी नाही, तुमच्या पिढीला ते सोसलं यात नवल नाही. पिठाने जे व्हायचं ते घासण्याने, ॲसिडाने नव्हे. हात हलका असला तर चांगलंच, मुरमांवर घासलं तर ती चिघळतात.

लिंबाला मात्र माझा कडक विरोध. पीएच दोनाच्या जवळ, त्यात सायट्रिक ॲसिड पाच-सहा टक्के, जवळजवळ सगळं मोकळं. शिवाय त्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं असतात की लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी काळवंडते. स्वयंपाकघरातलं म्हणून सौम्य, असं काही नसतं.

कोथरूडच्या_काकू

लिंबू पोह्यांवर ठेवते. दही मात्र सोडणार नाही.

मोगरा८२

माझा प्रश्न जरा वेगळा. गालांवर वांग आहे, दुसऱ्या बाळंतपणानंतर आला. एका पार्लरमध्ये 'फ्रूट पील' म्हणून काहीतरी लावलं. बाटलीवर नाव नाही, टक्के नाहीत, विचारलं तर "हर्बल आहे मॅडम, नॅचरल." घरी येईपर्यंत गाल पेटले आणि आठवड्याने वांग आधीपेक्षा गडद. आता एक मैत्रीण सांगते की औषधाच्या दुकानात एक क्रीम मिळतं, रात्री लावलं की पंधरा दिवसांत गोरं. घेऊ का?

ओपीडी_तीन_वाजता

ते क्रीम घेऊ नका, हे आधी.

'पंधरा दिवसांत गोरं' करणाऱ्या त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड, रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन आणि अ जीवनसत्त्वाच्या जातीचं ट्रेटिनॉइन एकत्र असतं. त्वचेचा डॉक्टर ठरावीक मुदतीसाठी, लक्ष ठेवून देतो तेव्हा त्याला जागा आहे. स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, गालावर लव उगवते, आणि सोडलं की सगळं दुप्पट उसळतं. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टेरॉइड क्रीमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली. तरी काउंटरवर मागितलं की मिळतं, हे आपण सगळे जाणतो. आणि बायका त्यावर ॲसिड लावतात. पातळ झालेल्या कातडीवर ७% ग्लायकोलिकही २०% सारखं वागतं. अबोलीताई, बहिणीला आवर्जून विचारा की चार बाटल्यांबरोबर अशी एखादी ट्यूब चालू आहे का.

वांगाबद्दल : तो मुरमाच्या डागासारखा नाही, नुसतं वरचं सोलून जात नाही. त्याला ऊन तर चालत नाहीच, ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी प्रखर असा दिवसाचा साधा उजेडही तो गडद व्हायला पुरतो. म्हणून वांगवाल्यांना आम्ही आयर्न ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन सांगतो, पांढरं नव्हे. पीलचा विचार नंतर. आणि 'फ्रूट पील' या नावावर जाऊ नका. ग्लायकोलिक उसातून, टार्टारिक द्राक्षातून, मॅलिक सफरचंदातून म्हणून ती 'फळांची'. पार्लरमधल्या बाटलीत कुठलं फळ किती टक्क्यांनी बसलंय ते दाखवत नसतील तर उठून यायचं. २०२४ च्या जुलैत एफडीएनेसुद्धा जादा टक्क्यांच्या पील्स डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घेऊ नका असा इशारा दिला, त्यात ग्लायकोलिक, लॅक्टिक, सॅलिसिलिक आणि टीसीए चारही होती.

बाळ अंगावर पितंय का ते लिहिलं नाहीत. तसं असेल तर डॉक्टरला सांगूनच पुढचं.

मोगरा८२

पितंय. बरं झालं सांगितलंत. क्रीम रद्द.

चिंगी

या सगळ्यात पीएचए, म्हणजे पॉलिहायड्रॉक्सी ॲसिड, कुठे बसतं? माझ्या टोनरवर ग्लुकोनोलॅक्टोन लिहिलंय. त्याने काहीच चुरचुरत नाही म्हणून फसवलंय असं वाटतं.

रसायनवाला

ग्लुकोनोलॅक्टोनचं रेणुभार १७८, लॅक्टोबायोनिकचं ३५८. थोराड रेणू, हळूहळू शिरतात, वर पाणी धरून ठेवतात. चुरचुरत नाही तोच त्याचा गुण. रोजेशिया (चेहरा सतत लाल राहण्याचा विकार) किंवा एक्झिमाची कातडी असेल तर बाकीच्यांपेक्षा हे बरं. उतावळ्यांना आवडत नाही, कारण पहिल्या आठवड्यात आरशात काही दिसत नाही.

या निमित्ताने थोडा इतिहास, मला हा भाग आवडतो. १९७४ साली व्हॅन स्कॉट आणि यू या दोघांनी या ॲसिडांवरचा पहिला गाजलेला निबंध लिहिला तो सौंदर्यासाठी नव्हे, इक्थिओसिससाठी. माशाच्या खवल्यांसारखी कातडी होते त्या आजारासाठी. सगळा धंदा तिथून निघाला. खवले पातळ करायला आणलेली गोष्ट आपण बिनखवल्यांच्या कातडीवर रोज चोपडतो, आणि जळजळ का होते म्हणून धागे काढतो.

अबोली_डोंबिवली

केवढं शिकायला मिळालं! बहिणीला हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. ट्यूब विचारली, नाही म्हणाली, कपाट उघडून दाखवलंन. पण ट्रेटिनॉइनचं जेल निघालं, मुरमांसाठी मागे दिलेलं, तेही अधूनमधून चालू!

आता ठोस सांगा. तिचा प्रश्न : "मग यातलं सगळ्यात स्ट्राँग कुठलं ते एका ओळीत लिहायला सांग."

रसायनवाला

एका ओळीत, तुमच्या चारांपुरतं आणि लेबलाप्रमाणे वापरलं तर : लाल बाटली, मग ७% ग्लायकोलिक, त्याच्या मागे १०% लॅक्टिक. सॅलिसिलिकला या रांगेत उभंच करू नका, ते तेलाच्या खात्यातलं. तिची ओळ पीएच कळल्यावर बदलू शकते, ती जबाबदारी कंपनीच्या ईमेलवर.

ओपीडी_तीन_वाजता

आणि सगळ्यात स्ट्राँग म्हणजे ती आत्ता करते आहे ते : सॅलिसिलिक दोनदा, त्यावर ग्लायकोलिक, मधूनच ट्रेटिनॉइन. एकेक बाटली नियमात बसणारी असेल, पण बेरीज चेहऱ्यावर होते.

मी तिच्या जागी असते तर आज रात्रीपासून चारही बाटल्या आणि जेल बंद. साधा क्लिन्झर, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. पाणी लावल्यावर चरचरणं पूर्ण थांबेपर्यंत एवढंच. दाखवायला जाल तेव्हा सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या. "एक सीरम लावते" असं रुग्ण सांगतात आणि आम्ही अंदाज बांधत बसतो.

पुढे तेलकट कातडीला आणि मुरमांना सॅलिसिलिक एकटं, रात्री, आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर तेही नको. डागांसाठी लॅक्टिक किंवा मँडेलिक हळू चढवता येतं. ॲझेलेइक ॲसिडही आहे. ते खरं तर सोलणारं नाही, म्हणून या धाग्यात कोणाला आठवलं नाही, पण मुरूम आणि डाग दोन्हींवर चालतं आणि आपल्या रंगाच्या कातडीला सहसा मानवतं. काय द्यायचं ते तिचा डॉक्टर चेहरा बघून ठरवेल. लाल बाटली कपाटात.

सनस्क्रीनचं एक : चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं. बहुतेक जणी वाटाण्याएवढं लावतात आणि मग ५० एसपीएफला शिव्या देतात. दुपारच्या लोकलला निघण्याआधी पुन्हा एकदा.

रेव्याची_आई

थ्रेडिंगचं राहिलं. मुलगी ग्लायकोलिक लावते आणि पार्लरमध्ये वरच्या ओठाची कातडी दोऱ्याबरोबर निघून आली. पार्लरवालीला दोष द्यायचा की बाटलीला?

ओपीडी_तीन_वाजता

बाटलीला जास्त. थ्रेडिंगच्या आधी चार-पाच दिवस आणि नंतर दोन-तीन दिवस ॲसिड बंद. वॅक्स असेल तर आठवडाभर आधीपासून. ट्रेटिनॉइन किंवा त्याच जातीचं ॲडापलीन चालू असेल तर चेहऱ्याला वॅक्स लावूच नका. आत्ता निघालेल्या जागी व्हॅसलिन, आणि खपली धरली तर ती ओढू नको म्हणावं.

बिनधास्त_बाळ्या

ते साधं मॉइश्चरायझर कुठलं घ्यायचं? मित्रासाठी विचारतोय.

ओपीडी_तीन_वाजता

मित्राला सांगा, वासाचं नको, 'गोरेपणा'चं नको. सिरामाइड किंवा ग्लिसरिन असलेलं जे दीड-दोनशेत मिळेल ते. आणि मित्राला म्हणावं, दहा मिनिटं म्हणजे दहाच.